निवेदक, इयत्ता नववी

‘शाळेने मला काय दिलं’ असा विषय स्मरणिकेच्या समितीने पाठवला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी देवळातलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, वाचनपीठच आलं. त्यात माझा काही इलाज नाही. आमच्या काळी शाळा आणि देऊळ यांच्यामध्ये एक कुंपण होतं खरं, पण ते गुरांसाठी. मुलं, बाकं, सतरंज्या, घड्याळ आणि शिक्षक या बाजूचे त्या बाजूला सर्रास जात. आणि फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात, शाळा नेमकी कुठे संपते ते हेडमास्तरांनाही सांगता आलं नसतं.

वसईतल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक आहे. नव्या शिक्षकांसाठी थोडं लिहिते.

राखेच्या बुधवारच्या आधी वर्गात फर्मान निघायचं: मागच्या वर्षीच्या झावळ्या घेऊन या. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित झालेली पाती वर्षभर प्रत्येक घरात देव्हाऱ्यामागे खोचलेली असत. ती वाळून कडकडीत झालेली. देवळामागे एका घमेल्यात ती जाळायची. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. माडाच्या पातीतला हीर आधी ओढून काढावा लागतो, नाहीतर तो अर्धवट जळतो आणि राखेत कचकच राहते. मग ती राख मलमलच्या फडक्यातून गाळायची. सिस्टर चिमूटभर राख बोटांत चोळून बघत आणि पुन्हा गाळायला लावत. बुधवारी फादर कपाळावर राख लावताना ‘तू माती आहेस’ म्हणत, तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांचं लक्ष ती नीट गाळली गेलीय की नाही याकडेच.

याच दिवसांत आमच्याकडे मोगरा भरात येतो. आई उजाडायच्या आत कळ्या खुडायची आणि बाबा पहिल्या लोकलने दादरच्या फुलबाजारात. गावभर मोगरा, आणि देवळात एक फूल नाही! उपवासकाळात वेदी सजवायची नाही, हा नियम. १९ मार्चला संत जोसेफच्या सणाला तेवढी मुभा. लग्नं नाहीत, बँड नाही, शुक्रवारी मटण नाही. आमचे मराठीचे सर साताऱ्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी न चुकवणारे. त्यांना हे सगळं एकदम पटायचं. चाळीस दिवस म्हणजे जरा जास्तच, एवढीच त्यांची तक्रार.

सरांवर दरवर्षी एक जबाबदारी असे. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीनच्या उपासनेत योहानच्या शुभवर्तमानातला ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा पूर्ण वृत्तांत वाचला जातो. फादर ख्रिस्ताचे शब्द वाचतात, एक जण निवेदक, एक जण पेत्र, पिलात वगैरे, आणि उरलेला जमाव. नववी-दहावीची मुलं हे वाचत. घरात आम्ही कादोडी, ही वसईकडची बोली, बोलणारी. आमचा ‘स’ बघता बघता ‘ह’ होतो. सरांनी कधी आमच्या बोलीला नावं ठेवली नाहीत. ते म्हणत, घरी तुमचं बोला, पण इथे मागच्या भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्याला तुमचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या देवळात ते शेवटच्या बाकावर जाऊन बसत आणि तिथून ओरडत, ‘वाक्याचं शेपूट गिळलंस!’

१९८३ साली मी नववीत होते. मुलींची नेमणूक जमावात. ‘त्याला क्रुसावर खिळा’ असं ओरडायला आम्ही पुरेशा होतो. त्या वर्षी होळी पवित्र सप्ताहातच, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातच आली, सोमवारी. शास्त्राच्या बाईंनी फळ्यावर चंद्र काढून सांगितलं होतं की यात नवल नाही: २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पौर्णिमा, तिच्यापुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे फाल्गुनी पौर्णिमा आणि आमचा सप्ताह अधूनमधून गाठ घेतातच. आमच्या निवेदकाने, दहावीची परीक्षा आटोपलेल्या त्या मुलाने, मंगळवारी वाडवळ आणि आगरी मित्रांबरोबर मनसोक्त धुळवड खेळली. बुधवारी सरावाला आला तो कानामागे गुलाबी रंग आणि घशातून नुसती हवा घेऊन. त्याच्या आईने त्याला देवळाच्या पायरीवरच धरला. फादर मात्र तोंड फिरवून हसत होते.

सर म्हणाले, ‘ही वाचेल.’ ही म्हणजे मी. देवळाच्या समितीतल्या दोघा-तिघांनी कुरबुर केली. मुलगी, तीही शुभ शुक्रवारी, आणि एवढा मोठा भाग? मुलींना तेव्हा वेदीवर सेवा करायची परवानगी नव्हती. ती रोमहून १९९४ साली आली. पण वाचायला आडकाठी नव्हती. फादरांनी विचारलं, अडखळेल का? सर म्हणाले, नाही. विषय संपला.

शुभ शुक्रवार १ एप्रिलला होता. आदल्या रात्रीपासून घंटा बंद. गुरुवारच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, ‘गौरवगीता’ला वाजतात, त्या मग थेट पुनरुत्थानाच्या रात्रीच, मधल्या वेळात लाकडी ठोकळ्यांची खटखट. (घंटांवरून आठवलं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर हिंदू देवळांत गेल्या. नाशिकच्या सहलीत सरांनी पंचवटीत नारोशंकराची घंटा दाखवून ‘ही तुमच्याकडची’ म्हटलं, तेव्हा वर्गातला एक जण परत मागायला निघाला होता.) मंडपात उकाडा, बायका पदराने वारा घेताहेत, तान्ही पोरं रडताहेत. ‘त्याने मस्तक लववून प्राण सोडला’ या वाक्यानंतर सगळे गुडघे टेकतात. सरांनी बजावलं होतं, तिथे मनात दहा मोजायचे, घाई नाही. मी मोजायला लागले आणि सहाच्या आसपास तान्ही पोरंसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली. मी पुढे पंधरापर्यंत मोजलं. खरं सांगायचं तर तो भक्तिभाव नव्हता. एवढा मोठा जमाव आपल्या पुढच्या शब्दासाठी थांबलाय, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आवडलं होतं. श्रद्धा बऱ्याच उशिरा आली, आणि तीही त्याच पंधरा आकड्यांच्या वाटेने आली असं मला वाटतं.

आजीने घरी गेल्यावर एवढंच विचारलं, ‘पाणी प्यालीस का?’ तिच्या अर्ध्या आयुष्यात मिस्सा लॅटिनमध्ये होती. रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर, साठच्या दशकात ती मराठीत आली.

आज्ञागुरुवारी, म्हणजे शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, फादर बारा जणांचे पाय धुतात, त्यात तेव्हा मात्र मुलगेच. त्या बाराही जणांना सिस्टर आधी विहिरीवर नेऊन काथ्याने पाय घासायला लावत, फादरांना फारसं काम उरू नये म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली बायकांचेही पाय धुवायला संमती दिली, तेव्हा माझ्या वर्गमैत्रिणीचा फोन आला: ‘आता गुडघे दुखायला लागल्यावर?’

आता धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या देवळाच्या हद्दीतली, बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात जातात. त्याबद्दल रडगाणं गाणार नाही, माझीही गेली. पण सप्ताह जवळ आला की वाचकांची यादी करताना जी ओढाताण होते, ती मी दरवर्षी बघते. मुलं हुशार आहेत, मोबाइलवर रोमन लिपीत उतरवून घेतात आणि धडाधड वाचून मोकळी होतात. शेपटं तर सगळ्यांचीच गिळलेली. देऊळ भाषा वापरू शकतं, पण शिकवायला रोज पाच तास मिळतात ते शाळेला. आपल्या शाळेत मराठीचा वर्ग अजून भरतो, म्हणून तिच्याकडेच मागणं मांडते: सरांचा तो सराव पुन्हा सुरू करावा, कुठल्याही धर्माच्या मुलांसाठी, मजकूर कुठलाही असो. हेडमास्तरांशी बोलणं झालंय. देवळाची किल्ली मिळते आहे. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी साडेपाचनंतर मी मोकळी असते. शेवटच्या बाकावर बसून ओरडायला अजून एक-दोन माजी विद्यार्थी मिळाले तर बरं होईल.