सोडलंय, पण औषधं यायचीत

दवाखान्यासाठी मराठीने एक क्रियापद राखून ठेवलंय, सोडणे. 'आज सोडणार', 'सोडलं का?', 'उद्या सकाळी सोडतील म्हणाले.' गाय सोडतात, धरणाचं पाणी सोडतात, तसाच पेशंटही. पण दावं सुटलं की गाय निघते तरी. पेशंट दुपारचे चार वाजले तरी केसबिस विंचरून, घरचे कपडे घालून कॉटवर पाय खाली सोडून बसलेला असतो. शेजारी पिशव्या बांधून तयार. थर्मास, शाल, बिस्किटाचा अर्धा पुडा, एक्स-रेचं मावता न मावणारं पाकीट. गादीवरची चादर मावशी कधीच काढून घेऊन गेल्यात. काय राहिलंय म्हणून विचारलं तर उत्तर एकच, औषधं यायचीत.

औषधांचं दुकान तळमजल्यावर, जिन्याने खाली दोन मिनिटांवर. गोळ्या मांडणीवर असतात. त्या पेशंटपर्यंत पोचायला सहा तास का लागतात, हे कळायला त्या दिवशीची फाईल कुठे कुठे फिरते ते बघावं लागतं.

सकाळी दहाला मोठे डॉक्टर राउंडवर येतात, 'आज जायला हरकत नाही' म्हणतात आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, जातात. घरचे लोक या वाक्याला डिस्चार्ज समजतात. खरं तर ते नुसतं सूतोवाच. आरएमओने, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने, डिस्चार्ज कार्डाचा मसुदा टाइप करायचा, तो मोठ्या डॉक्टरांनी बघायचा, दुरुस्त करायचा आणि सही करायची. घरी घ्यायच्या औषधांची यादी याच कार्डाच्या शेवटच्या पानावर असते. म्हणजे सही होत नाही तोवर चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नाही तोवर दुकानातला फार्मासिस्ट शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाला हात लावत नाही. लावूही नये.

तेवढ्यात वॉर्डात सिस्टर उरलेली औषधं मोजत असते. न वापरलेल्या सलाइनच्या बाटल्या, पाच-दहा मिलीच्या सिरिंजा, अँटिबायोटिकच्या दोन वायल. हे सगळं 'रिटर्न' जातं. दुकानवाला बॅच नंबर ताडून बघतो. स्ट्रिप अशी कापलेली असेल की बॅच आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर गेली, तर तो तुकडा परत घेत नाही. फ्रिजातलं इन्सुलिन वॉर्डात दोन ते आठ अंशांत राहिलं होतं की नाही याची हमी कोण देणार, म्हणून तेही नाही. ही वजावट झाली की पेशंटचं औषधखातं बंद होतं, आणि मगच बिलिंगवाले बिलाचा शेवटचा आकडा काढतात.

खरी मेख इथे आहे. खातं बंद झाल्यावर कुणीतरी भल्या मनाने घरची औषधं त्याच खात्यावर मागवतं. खातं पुन्हा उघडतं, बिलाचा आकडा बदलतो, टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे, गेलेलं बिल परत मागवून नव्याने पाठवावं लागतं. ३४० रुपयांच्या गोळ्यांपायी लाखाचं बिल अडून बसतं. विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार, हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलचा खर्च वाढला, तर तो कंपनीने सोसायचा. नियम चांगलाच आहे. पण ते तीन तास विनंती पोचल्यापासून मोजायचे, डॉक्टर 'जा' म्हणाल्यापासून नव्हेत. आकडा बदलून बिल पुन्हा गेलं की मोजणीवरून वाद घालायला हॉस्पिटल आणि कंपनी, दोघेही मोकळे.

म्हणून घरची औषधं वेगळ्या रोख बिलावर घ्यावीत, हे बरं. बहुतेक पॉलिस्यांत घरी गेल्यानंतरच्या साठ दिवसांचा औषधखर्च मागता येतो. मूळ बिल आणि चिठ्ठीची प्रत तेवढी जपायची. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये तर डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांची औषधं धरलेलीच आहेत. पण ती आपण मागावी लागतात. आपणहून कोण हातात ठेवणार?

आता चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना कंपाउंडर आठवत असेल. लाकडी फळीला अर्धवर्तुळाकार खिडकी, आत गुलाबी मिक्श्चरचा मोठा बुधला. बाटली घरून आणायची, आणि ती नीट धुतलेली नसेल तर तो नाकाशी धरून परत करायचा. मग कागदाची पट्टी घडी घालून कात्रीने कातरायची, उलगडली की दोन्ही कडांना नक्षी, ती खळीने बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. 'दिवसातून तीनदा' हे वाचताच येत नसलं तरी बाटली बघून कळायचं की दुपारचा राहिला. पुड्या बांधायची त्याची पद्धत तर अशी की उघडताना कणभर सांडायची नाही. तिथेही ताटकळायला व्हायचंच, बाकडं काही रिकामं नसायचं. पण आपली बाटली कितव्या नंबरावर आहे ते खिडकीतून दिसायचं. आता पडद्यावर टोकन नंबर असतो आणि त्यात आपण कुठेच नसतो, कारण आपली चिठ्ठी अजून वरून खाली आलेलीच नसते.

चिठ्ठी येते ती नेमकी ओपीडीच्या गर्दीत, आणि मग नवे खोडे. लिहिलेला ब्रँड दुकानात नसतो. तोच घटक दुसऱ्या नावाने समोरच्या फळीवर असतो, पण शेड्यूल एच, किंवा त्याहून कडक अशा एच-१ आणि एक्स या याद्यांमधल्या औषधाच्या जागी फार्मासिस्टला स्वतःहून दुसरा ब्रँड देता येत नाही. डॉक्टरांना फोन, डॉक्टर ओटीत. सेफिक्झीम किंवा ट्रामाडॉल असेल तर ते एच-१मधलं, म्हणजे वहीत पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता आणि नग लिहायचे. ती वही तीन वर्षं सांभाळायची असते, त्यामुळे सही पुसट असली तरी तो माणूस अडतो. त्याच्यावर वैतागण्यात अर्थ नाही.

मोजणीतही घोळ होतो. स्टिरॉइड उतरत्या मात्रेत लिहिलेलं असतं. प्रेडनिसोलोन चाळीस मिलिग्रॅम पाच दिवस, मग तीस, वीस, दहा, प्रत्येकी पाच दिवस. दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतल्या तर वीस, पंधरा, दहा आणि पाच मिळून पन्नास. घाईत कुणी चाळीसच्या देतं आणि सहाव्या दिवशी घरात तीसचा हिशेब बसवायला विळी निघते.

शिवाय घरच्या फडताळातला जुना डबा. बीपीची टेल्मिसार्टन आधीपासून चालू असते, कार्डावर तीच दुसऱ्या नावाने येते. आजोबा इमानदारीत दोन्ही घेतात आणि तिसऱ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन बसतात. कार्डावर काय घ्यायचं ते असतं. काय बंद करायचं ते बहुधा नसतं, ते विचारूनच घ्यावं लागतं.

जाणती माणसं हे सगळं आदल्या संध्याकाळी उरकतात. उद्या सोडणार अशी कुणकुण लागली की आरएमओला गाठून घरच्या औषधांची सही-शिक्क्याची वेगळी चिठ्ठी घ्यायची. तिचा फोटो गावातल्या मेडिकलवाल्याला पाठवायचा. तिथे मिळणार असेल तर इथून तीनच दिवसांची घ्यायची, नसेल तर पुढच्या तपासणीपर्यंतची. निघताना सिस्टरकडून प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला ते कार्डाच्या पाठीवर लिहून घ्यायचं. ही वेळ चार्टमध्ये असते आणि चार्ट दवाखान्यातच राहतो.

कारण या उशिरात एक डोस असा असतो जो कुणाचाच नसतो. वॉर्डाने नाव कमी केलेलं, घर अजून लांब. काही गोळ्यांचं दोन तासांनी काही बिघडत नाही. पण समजा कालपरवा हृदयात स्टेंट बसलाय आणि टिकाग्रेलोर नव्वद मिलिग्रॅम सकाळी आठला दिलीय. रात्री आठला दुसरी हवीच. तिचं काम स्टेंटमध्ये रक्ताची गाठ धरू न देण्याचं, आणि पहिल्या दिवसांत धोका सर्वांत जास्त. दुकानात टोकन एकशे बारा चालू असतं, आपलं एकशे एकोणतीस. घर तीन तासांवर, गावातलं मेडिकल नऊला शटर ओढतं आणि ही गोळी त्याच्याकडे नसतेच. अशा वेळी भीड न धरता वर जाऊन सिस्टरला सांगावं, निघायच्या आधीची गोळी इथेच द्या.

ती देते. पाण्याचा ग्लास पुढे करताना तिचं लक्ष पेशंटच्या मनगटाकडे जातं. सलाइनची सुई अजून हातातच आहे.