लो-टेक टँक अपडेट: क्रिप्ट वेंडटीला अखेर पाण्यातली पानं फुटली!

मागच्या अपडेटला माझ्या लो-टेक टँकच्या (सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वेगळा न सोडता चालवलेलं मत्स्यालय) मधल्या भागातल्या क्रिप्ट वेंडटी या पाणवनस्पतीचा पार लगदा झाला होता आणि तुमच्यातले बरेच जण म्हणत होते उपटून टाक, त्या जागी हायग्रोफिला हे दुसरं झाड लाव. नाही उपटली. आणि आज लाईट लागल्यावर बघतो तर दोन रोपांच्या बुडातून गुंडाळलेली कोवळी पानं वर आलीयत, अरुंद, लांबट, तांबूस, कडेला लाटा! जुन्या रुंद हिरव्या पानांसारखं त्यात काहीच नाही. जाम खूश आहे.

मेल्टबद्दल, म्हणजे असं पानं वितळण्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण झाडं निवडताना सगळ्यात जास्त डोकं हाच प्रकार खातो. दुकानात येणारी बरीचशी क्रिप्ट नर्सरीत पाण्याबाहेर दमट हवेत वाढवलेली असते, तिच्या पानांवर मेणासारखा थर असतो, हवेतला सीओटू तिला सहज मिळत असतो, आणि पाण्यात तोच वायू हवेच्या साधारण १०,००० पट हळू पसरतो, मग ती पानं पाण्याखाली निरुपयोगीच, झाड ती सोडून देतं आणि रायझोममधल्या (बुडाच्या जाड खोडातल्या) साठ्यावर पातळ नवी पानं काढतं. मूळची ती श्रीलंकेतल्या ओढ्याकाठची, पाणी चढलं की बुडायचं, उतरलं की उघडं पडायचं, ही सवय तिच्यात आहेच. म्हणून पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नाही. रायझोम बोटांनी दाबून बघा, टणक असेल तर थांबा, पिळपिळीत होऊन वास मारत असेल तर काढा.

या काळात सडकी पानं बुडापासून कापत राहिलो (ती कुजली की अमोनिया, मग शेवाळ), पाणी नेहमीसारखं बदललं, लाईटचा टायमर ६ तासांवर, मुळांजवळ रूट टॅब (खताची गोळी), आणि रोपाची जागा अजिबात हलवली नाही. जागा बदलली की क्रिप्ट पुन्हा रुसते.

तिसरं रोप मात्र अजून बोडकंच आहे. रायझोम टणक, रूट टॅब तोच, तरी हालचाल नाही. ड्रिफ्टवूडवरच्या (टँकमधल्या लाकडावरच्या) अनुबियास या झाडाची सावली पडते म्हणावं तर क्रिप्टला कमी लाईट चालतो. आत्ता लिहिताना लक्षात आलं की साल्व्हिनिया (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) नेमका त्याच कोपऱ्यात जमा होतो, म्हणजे दुहेरी सावली. उद्याच अर्धा साल्व्हिनिया काढतो, मग बघू.

झाड टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवून कपात विकतात ते) घ्यावं की कुंडीतलं, यावर माझं मत आता पक्कं झालंय. कपात गोगलगायी नाहीत, शेवाळ नाही, सगळं मान्य, पण रोपं इवलीशी आणि रायझोममध्ये साठा जवळजवळ नाहीच. क्रिप्टसाठी कुंडीच घ्या, रॉकवूल (कुंडीतला मुळांभोवतीचा लोकरीसारखा थर) चिमट्याने नीट काढा आणि दुकानात पानं बघण्याआधी मुळं आणि बुंधा बघा. कार्पेटची (तळावर गालिच्यासारखी पसरणारी) झाडं मात्र खुशाल कपातली.

जावा फर्नच्या जुन्या पानांवरची भोकं आठवतायत? पोटॅशियम वाढवल्यापासून नवीन पानं एकदम स्वच्छ येतायत. भोकं पडलेली पानं काही भरून येणार नाहीत, ती हळूहळू कापतोय. आणि ज्यांच्याकडे वॅलिसनेरिया आहे त्यांनी लिक्विड कार्बन (बाटलीत मिळणारं द्रव) जपून वापरा, त्यातल्या ग्लुटाराल्डिहाइडने ती बऱ्याचदा वितळते.

टँकच्या पुढच्या भागात मॉन्टे कार्लो (कार्पेटचं एक झाड) लावणार होतो, ते रद्द. सीओटूशिवाय ती रांगते अगदी गोगलगायीच्या गतीने आणि तोवर शेवाळ बसतं. त्याऐवजी क्रिप्ट पार्व्हा, तीही हळूच वाढते पण बुटकी राहते, फक्त तिला बाकी क्रिप्टपेक्षा लाईट जास्त लागतो, त्यामुळे समोरच्या उघड्या पट्ट्यातच, दाट लावेन. किंवा थांबा, साल्व्हिनिया काढल्यावर तो कोपराही उजळेल, मग पार्व्हा तिथपर्यंत नेता येईल... आधी तिसऱ्या रोपाचं काय होतं ते बघतो. पार्व्हा कुणी सीओटूशिवाय वाढवली असेल तर लाईट किती तास ठेवता ते नक्की सांगा.