पोराच्या पेटीत काय टाकू?

"काकाजी, पोराच्या पेटीत काय टाकू?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी एसटी स्टँडवर, कधी बाजाराच्या दिवशी, कधी कोणी थेट घरी येऊन ओट्यावर बसतं. २०२२ मध्ये अग्निवीर भरती सुरू झाली तेव्हापासून तर दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावांतून हे विचारणं वाढलंच आहे. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. बाप बाजूला उभा राहून ऐकतो आणि निघताना म्हणतो, "लिहूनच देता का जी?" मी सतरा वर्षं पायदळात होतो, हवालदार होऊन घरी आलो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं एकदाच लिहितो.

आधी मनातली भीती काढून टाका. फौज पोराला उघडंनागडं ठेवत नाही. बूट, कोट, स्लीपिंग बॅग, बर्फातले कपडे, सगळं मिळतं. आणि ट्रेनिंगला जाताना भरतीच्या कागदावर जे लिहिलं असेल तेवढंच न्यायचं, त्यात माझं काही ऐकू नका. मी सांगतो ते त्याच्या पुढचं. ट्रेनिंग संपवून पोर पहिल्या सुट्टीवर येईल आणि तिथून पलटणीत जायला निघेल, तेव्हाचं.

दुसरं, पेटी आणि पिट्ठू यांतला फरक ध्यानात ठेवा. पेटी रेल्वेनं जाते, पोस्टिंगच्या जागी कॉटखाली पडून राहते. पिट्ठू पाठीवर असतो. गश्तीवर पोर जे वापरेल ते पिट्ठूत मावलं पाहिजे, आणि तिथं रायफल, गोळ्या, पाणी, राशन आधीच बसलेलं असतं. म्हणून वस्तू हातात घेऊन बघा. हलकी आहे का? दोन-तीन कामांना येईल का? नसेल तर राहू द्या.

मी पलटणीत जायला निघालो तेव्हा आईनं तिचं जुनं सुती लुगडं चार तुकडे करून पेटीत टाकलं होतं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की मुठीत मावायचं. मला लाज वाटली. बाकीच्या पोरांच्या पेटीत नवे टॉवेल असतील आणि माझ्या पेटीत आईचं लुगडं, हे कोणी पाहू नये म्हणून मी ते तळाशी दाबून ठेवलं. पुढच्या सहा वर्षांत मी दुसरी कोणतीच वस्तू इतकी वापरली नाही.

राजस्थानात मे महिन्यात ते ओलं करून मानेला गुंडाळायचो. आपल्याकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन अंगावर घेतलेलं असलं तरी वाळवंटातला वारा वेगळा असतो, तो तोंडातली थुंकी सुकवतो. अरुणाचलात ओढ्याचं गढूळ पाणी त्याच कपड्याची चार पदरी घडी करून गाळलं. पुढे वाचनात आलं की बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुन्या साडीच्या चार पदरांतून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा तिथला कॉलरा जवळजवळ निम्म्यानं घटला. तो अभ्यास २००३ मध्ये छापून आला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि जुन्या सुताचे धागे फुगून दाट झालेले असतात, म्हणून ते अडकतात. तरी गाळलेलं पाणी पिण्यालायक झालं असं समजू नका. त्यानंतर उकळायचं किंवा फौजेनं दिलेली पाणी शुद्ध करायची गोळी टाकायचीच. गाळ फार असेल तर तुरटीचा खडा आधी फिरवून घ्यायचा, आपण पावसाळ्यात माठात फिरवतो तसा.

एकदा उतारावर घसरून एका साथीदाराचा खांदा निखळला, तेव्हा त्याचा हात याच लुगड्याच्या झोळीत बांधून खाली आणला. तुकडे आणखी फाटले तेव्हा त्यांच्या चिंद्या झाल्या, आणि फौजेत चिंदीला मोठा मान आहे. रायफलीची नळी साफ करायला दोरीला जे कापड लावून ओढतात त्याला तिथं चिंदीच म्हणतात, पंजाबी असो की तमिळ, सगळेच. नळीसाठीचं कापड सरकारी मिळतं, पण बाहेरची धूळ-तेल पुसायला मऊ सुती कापड कधीच पुरत नाही. त्यासोबत एक जुना टूथब्रश द्या. हत्याराच्या खाचांत बसलेली रेती दुसऱ्या कशानं निघत नाही.

तर माऊल्यांनो, पहिलं उत्तर हे. नवा टॉवेल राहू द्या, जुनं सुती लुगडं किंवा धोतर द्या. टेरिकॉट नको, ते पाणी पीत नाही.

दुसरी वस्तू बापाच्या हातची आहे. सायकलची फुटकी ट्यूब. कात्रीनं आडवी कापून बोटभर रुंदीच्या वीस-पंचवीस रिंगा करा. रात्रीच्या गश्तीत सगळ्यात वाईट काय असेल तर आवाज. पट्ट्याची कडी बाटलीवर वाजली तरी शांत रानात दूरवर ऐकू जाते. तिथं एक रिंग चढवली की कडी गप्प. पँटचा घोळ घोट्याशी आवळायला, टॉर्च काठीला बांधायला, पत्र्याच्या मगाचा कान धरताना हात पोळू नये म्हणून, सगळ्याला तीच. आणि पावसात लाकडं ओली असतील तेव्हा रबराचा तुकडा काडी लावताच पेटतो आणि ओला असला तरी विझत नाही. धूर काळा येतो, म्हणून जिथं लपून राहायचं तिथं हे करायचं नाही.

पोती शिवायचा दाभण आणि गोधडीचा जाड दोरा. पिट्ठूचा पट्टा उसवतो तो नेहमी चढावावर, भरल्या ओझ्यात, आणि बारीक सुई त्या कॅनव्हासमध्ये मोडते. ब्रिटिश शिपायांच्या किटमध्ये सुई-दोरा-बटणांची एक छोटी गुंडाळी असायची, तिला ते 'हाउसवाइफ' म्हणायचे. म्हणजे घरची बाई जे करून देते ते तिथं शिपायानं स्वतः करायचं. मुलाला आधी घरी बसवून एक पोतं शिवायला लावा. दाभण नुसता देऊन उपयोग नाही.

पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी. आपल्याकडे तिला कोणी मोजत नाही, पण पावसाच्या प्रदेशात कोरडा मोजा ही सगळ्यात मोठी दौलत आहे आणि तो पन्नीतच कोरडा राहतो. पायाबद्दल मी जरा जास्त बोलतो, ते बोलू द्या. पहिल्या महायुद्धात खंदकांत गार चिखलात उभं राहून हजारो शिपायांचे पाय सडले. गोळी न लागता माणसं कामातून गेली. त्यावर पलटणींनी काढलेला उपाय किती साधा होता पाहा: रोज पाय पुसायचे, मोजे बदलायचे आणि एकानं दुसऱ्याचे पाय तपासायचे. आजही तेच आहे. म्हणून लोकरीचे मोजे दोन जोड जास्त द्या, पावडरचा एक डबा द्या. थंडीत पाय बधिर झाला तर तो शेकोटीला लावायचा नाही आणि बर्फानं चोळायचा तर मुळीच नाही, हे पोराला घरूनच सांगून पाठवा. बधिर कातडीला जळालेलं कळत नाही.

खोबरेल तेलाची बाटली मात्र उंचावर जाणाऱ्याला देऊ नका. आपल्याच हिवाळ्यात ते बाटलीत गोठून बसतं, लडाखात ते दगड होणार. व्हॅसलीनची डबी द्या. ओठ-नाकाला ती लागतेच, आणि कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून ठेवलं तर तो बोळा काही मिनिटं सावकाश जळतो. चूल पेटवायला तेवढा वेळ पुरतो. कापूस तर आपल्या घरचाच.

आता खाण्याचं. इथं आयांशी माझं भांडण होतं. "दोन किलो लाडू, चिवडा, शेव, एवढं तं लागनच ना जी? पोरगं उपाशी राह्यलं तं?" उपाशी राहत नाही. लाडू द्याच, ते रेल्वेत आणि पहिल्या दिवशी बराकीत संपतील, दहा जणांत वाटले जातील, आणि त्यातूनच पोराला पहिले दोस्त मिळतील. पण पुढच्या पोस्टवर उपयोगी पडते ती जवसाची कोरडी चटणी, तिळाची चटणी, वाळवलेलं लिंबू. उंचीवर भूक मरते. ताट समोर येतं आणि घास फिरतो. अशा वेळी चिमूटभर चटणीनं अर्धी पोळी पोटात जाते, आणि त्या अर्ध्या पोळीवर माणूस दुसऱ्या दिवशी चालतो. मी स्वतः यावर दिवस काढले आहेत.

एका माऊलीनं विचारलं होतं की तिथं डाळ शिजत नाही म्हणतात, ते खरं का? खरं आहे. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. पंधरा हजार फुटांवर ते साधारण ८५ अंशांनाच उकळायला लागतं, त्याच्यापुढे तापतच नाही. उघड्या भांड्यात डाळ कितीही वेळ ठेवा, दाणा कच्चाच. म्हणून लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, प्रेशर कुकर असतो, तो वाफ कोंडून दाब वाढवतो. आपल्या स्वयंपाकघरातली ही एक वस्तू तिथं चैन म्हणून ठेवलेली नाही, तिच्यावाचून जेवणच होत नाही. पण तो फौज देते, तुम्ही पेटीत टाकू नका.

मीठ-साखरेचं प्रमाण मात्र पोराला पाठ करून द्या. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या छोट्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. १९७१ च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते लोकांना पाजायला लावलं. नातेवाईकच मग भरभरून पाजत होते. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. जुलाब असो की उन्हाचा झटका, डॉक्टर येईपर्यंत माणूस तगवायला हे शिकलेलं पोर पलटणीच्या कामाला येतं.

टॉर्चवर बांधायला लाल जिलेटीनचा कागद द्या, आकाशकंदिलाला लावतात तो. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडानं ती क्षणात मोडते. मंद लाल उजेडात नकाशा वाचता येतो आणि नजर टिकते. मी इथं शेतात जागलीला जातो तेव्हाही तोच कागद लावतो. डुकरांसाठी आपण कुंपणाच्या तारेला रिकामे डबे आणि बाटल्या टांगतो ना, तसेच डबे मी नियंत्रण रेषेवरच्या तारेवर टांगलेले पाहिले. रात्री डबा वाजला की पहाऱ्यावरचा संतरी तिकडे कान देतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एकदम आमच्या तुरीच्या धुऱ्यावर उभं असल्यासारखं झालं होतं.

आणखी एक टेप. चंदेरी रंगाची, कापडी पोताची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पूर्ण रोळ नको, पेनाभोवती दोन-तीन मीटर गुंडाळून द्या. बूट फाटला, बरसातीला भोक पडलं, नळी गळली, तर चिकटवायची. या टेपमागे एक आई आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात वेस्टा स्टाउट नावाची बाई काम करायची. तिचे दोन मुलगे नौदलात होते. काडतुसांच्या खोक्यांना लावलेली कागदी पट्टी ओढली की तुटते, आणि गोळीबारात शिपाई खोकं उघडत बसतो, हे तिच्या लक्षात आलं. कापडी, पाणी न शिरणारी पट्टी लावा, असं तिनं साहेबांना सांगितलं. काही हाललं नाही, तेव्हा फेब्रुवारी १९४३ मध्ये तिनं थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना चित्र काढून पत्र लिहिलं. ते मानलं गेलं. इराकमध्येही अमेरिकन शिपाई घरून एक खेळणं मागवायचे, वाढदिवसाला पोरं फवारतात ती रंगीत फेसाची दोरी. खोलीत शिरण्याआधी ती फवारायची. खाली पडली तर ठीक, हवेत लटकून राहिली तर तिथं सुरुंगाची बारीक तार आहे. पण तसला फवाऱ्याचा डबा, माचिस, लायटर, रॉकेल यांतलं काहीही पोस्टाच्या पार्सलात घालू नका. ते चालत नाही आणि धोक्याचं आहे. काचेची बरणीही नको.

परवा आमच्या गल्लीतल्या एका पोराची पेटी भरली. सुट्टी संपवून तो पूर्वेकडे चालला होता. मी सांगितलं तसं त्याच्या आईनं लुगडं काढलं, पण फाडायला तिचा हात होईना. "चांगलं हाय अजून, काकाजी," म्हणाली. मग तिच्या सासूनं आपलं आणलं, दातानं काठ तोडला आणि एका ओढीत उभं फाडलं. मिठाची पुरचुंडी जळवांसाठी वेगळी बांधली. अंगावर चिकटलेल्या जळूवर मीठ टाकायचं नाही, ती जखमेत ओकते, नखानं सरकवून काढायची. मीठ बुटाच्या बाहेरून चोळायचं, हे त्या पोराकडून मी दोनदा म्हणवून घेतलं. दाभण त्यांच्या घरी नव्हता म्हणून माझा दिला. बुधवारी बाजारात गेलो की दुसरा आणायचा आहे.