हीटरनं ऊब दिली, पाणी मात्र गोठलं

आम्ही अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्सचे, त्यामुळे आमची थंडी जेमतेम एका स्वेटरची. २४ फुटी जुना ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला तेव्हा पाणी गोठण्याबद्दल विकणाऱ्यानं चकार शब्द काढला नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. साताऱ्याहून आलेल्या आईला नाताळच्या सुट्टीत बर्फातला ग्रँड कॅन्यन दाखवायचं ठरलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. फीनिक्स ११०० फुटांवर आणि कॅन्यनची दक्षिण कड तब्बल ७००० फुटांवर. डिसेंबरात तिथे रात्री पारा उणे सात-आठापर्यंत सहज उतरतो. वीज-पाण्याची जोडणी असलेला तिथला ट्रेलर व्हिलेज हा कॅम्प बाराही महिने उघडा असतो, एवढाच दिलासा.

तयारीत दोन शनिवार गेले. कॅम्पच्या नळावरून ट्रेलरमध्ये पाणी आणणारा साधा पाइप बाजूला ठेवून विजेवर गरम राहणारा घेतला. किंमत ऐकून बायकोनं माझ्याकडे पाहिलं, पण बोलली काही नाही. नळाला जोडतात तिथला वीतभर भाग उघडाच राहतो, तिथे फोम गुंडाळला. खिडक्यांच्या मापाचे चंदेरी शीटचे तुकडे कापले, छतातल्या पंख्याच्या भोकात उशी कोंबली. उतरलेली बॅटरी थंडीत गोठू शकते, म्हणून ती पूर्ण चार्ज केली.

"सिलिंडरचं काय करणार? लेहला आमचा गॅस पेटता पेटत नव्हता," आईनं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरात ब्युटेनही असतं आणि शून्याच्या आसपास त्याची वाफच नीट होत नाही. इथे नुसतं प्रोपेन असतं, त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२. ती काळजी मिटली.

घोळ मी घातला तो पहिल्या रात्री. ट्रेलरची फर्नेस, म्हणजे गॅसवर चालणारी गरम हवेची भट्टी, लागली की आगगाडी गेल्यासारखा आवाज होतो. आईची झोपमोड नको म्हणून छोटा विजेचा हीटर लावला. शिवाय वीज भाड्यातच, गॅस मात्र आपल्या खिशातला! हा हिशेब करून मी स्वतःवर खूश झालो. आत मस्त ऊब होती.

सकाळी नळ सोडला तर त्यानं एक ढेकर दिला आणि तो गप्प झाला. बाहेरचा महागडा पाइप ठणठणीत होता. गोठलं होतं ते ट्रेलरच्या तळाखालच्या पाइपांतलं पाणी. फर्नेसची गरम हवा एका नळीतून ट्रेलरच्या पोटातही जाते, टाक्या आणि पाइप तिच्यावरच तगतात. हीटरनं खोली तापवली, खोलीचं तापमान पाहून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला वाटलं सगळं आलबेल आहे, आणि फर्नेस रात्रभर लागलीच नाही.

मग फर्नेस पूर्ण वर नेली, सिंकखालची कपाटं उघडली, पलंगाची फळी उचलली आणि बायकोचा हेअर ड्रायर घेऊन पालथा पडलो. तीन तास गेले. पाणी आलं आणि पाठोपाठ आईची हाक, "अरे, माझा मोजा ओला कसा झाला?" टाकीतलं पाणी ओढणाऱ्या पंपाशेजारच्या गाळणीच्या प्लॅस्टिकच्या वाटीला केसासारखी चीर गेली होती. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण नऊ टक्क्यांनी फुगतो, हे शाळेत पाठ केलेलं तिथे बोटाला लागलं. पंपाकडचं पाणी बंद केलं. कॅम्पच्या नळाचं पाणी पंपाशिवायही आत येतं, म्हणून निभावलं.

एक गोष्ट मात्र आधीच बरोबर केली होती. सांडपाण्याच्या टाकीची झडप बंद ठेवली होती, टाकी भरत आली की एकदम सोडायची. शेजाऱ्यानं ती उघडी ठेवली होती. थेंब थेंब गळून त्याच्या पाइपाची काठी झाली होती आणि तो ती मांडीवर आपटत होता.

दुसऱ्या रात्री हीटर गुंडाळून ठेवला. फर्नेस रात्रभर घुरघुरत राहिली, आईनं कानात कापसाचे बोळे घातले आणि वर कानटोपी चढवली. सकाळी माझ्या आधी तीच उठली होती. नळ वाहत होता, चहाचं आधण चढलं होतं.

"आता दाखव तुझा कॅन्यन," म्हणाली.