भिंत-खुर्ची आणि बीपीची वही : परभणीचा उन्हाळा

कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर सोबत चालणाऱ्या मंडळींचा एकच प्रश्न असतो : रोजचं चालणं असताना ही भिंत-खुर्ची, म्हणजे भिंतीला पाठ टेकून खुर्चीविनाच बसल्यासारखं थांबणं, कशाला? रोजच्या बीपीच्या वहीत आता बऱ्यापैकी आकडे जमलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मुळात ही गोष्ट सुरू केली ती २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या आढाव्यामुळे. त्यात २७० चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. चालणं, धावणं, सायकल अशा व्यायामाने बीपीचा वरचा आकडा सरासरी साडेचारच्या आसपास उतरला आणि वजनं उचलूनही जवळपास तेवढाच. दोन्ही मिळून केले तर सहा. जागेवर स्थिर राहून स्नायू ताणून धरण्याच्या व्यायामाने मात्र आठच्या वर, आणि भिंत-खुर्ची त्यातलीच. अशा चाचण्या चालण्याच्या मानाने कमी झाल्यात, हे ध्यानात ठेवूनच मी चालणं सोडलं नाही. बीपीच्या गोळीत तर आपल्या मनाने बदल करायचाच नाही, ते डॉक्टरांचं काम.

पद्धत सोपी आहे : दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं विसावा, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पाठ भिंतीला सपाट, गुडघे वाकलेले. दीड मिनिटानंतर मांड्या थरथरायला लागतात आणि नकळत श्वास कोंडला जातो. खरा धोका तिथेच आहे. ताण धरलेला असताना बीपी चढतंच; श्वास कोंडला की आणखी उसळतं. म्हणून मी मोठ्याने एकोणतिसाचा पाढा म्हणतो. पाढा अडला की समजायचं श्वास अडला, लगेच उठायचं.

ताण धरताना आवळलेला स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबतो. सोडला की रक्त जोरात धावतं, वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि त्या सैलावतात. फायद्याचं एक कारण हेच मानतात. चालण्याचा गुण वेगळा : चालून आल्यावर काही तास बीपी उतरलेलं राहतं. त्यामुळे चालून आल्या आल्या मोजलेला आकडा वहीत घेत नाही. सकाळी उठून, लघवीला जाऊन, चहाआधी, पाच मिनिटं गप्प बसून, हात छातीच्या पातळीवर टेकवून मोजतो, आणि मिनिटभराने पुन्हा एकदा.

माझा वरचा आकडा जानेवारीत १४० च्या घरात होता, आता १३० च्या आसपास असतो. पण हे सगळं श्रेय भिंतीला देणं मला पटत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, उन्हाळ्यात सैलावतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस ठरलेलेच. त्यात घाम जातो, अंगातलं पाणी कमी होतं. एप्रिलचा आकडा जानेवारीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. खरी तुलना पुढच्या जानेवारीशी. बीपीची गोळी चालू असलेल्यांना उन्हाळ्यात उभं राहताना चक्कर आली, तर वही दाखवून डॉक्टरांना विचारा.

आमच्यातल्या अप्पांचे गुडघे कुरकुरतात. त्यांना थोडं वरच बसवलं, मांड्या जमिनीला समांतर आणायचा हट्ट नाही. तेही जमलं नाही, तर मुठीची पकड धरण्याचा प्रकार आहे : पूर्ण जोराच्या तीस टक्के, तेवढ्याच वेळा, तेवढाच वेळ. जोर मोजणारं यंत्र मिळालं की पावसाळ्यात तो करून पाहणार आहोत.

नांदेड, लातूर, बीडकडे कुणी फक्त चालतंय आणि हिवाळ्यापासून वही ठेवलीय का? असेल तर जानेवारी ते मेचे सकाळचे आकडे पाठवा. माझ्या आकड्यांतला उन्हाचा वाटा किती, याचा थोडा अंदाज त्यावरून बांधता येईल.