निम्म्या वर्गाचा वाढदिवस

आमच्या वर्गाचं गॅदरिंग दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या शनिवारी असायचं. कारण साधं होतं : निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जानेवारीला!

अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागातला हा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग, देशात नव्याने आलेल्या मोठ्या माणसांसाठी. मी तिथे आठवड्यातून दोनदा शिकवायला मदत करायची. विद्यार्थी बहुतेक सोमाली. १९९१ साली सोमालियात सियाद बारेचं सरकार कोसळलं, यादवी पेटली, आणि केनियातल्या दादाबसारख्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढून ही माणसं इथे बर्फात येऊन पडली. जन्माचा दाखला कुणाकडे असणार? कागद करताना सालाचा अंदाज बांधायचा आणि तारखेच्या रकान्यात एक जानेवारी टाकायची. पहिल्या दिवशी हजेरीची यादी बघून मला वाटलं, कॉम्प्युटर बिघडलाय.

मग हसू आलं. माझे वडील आटपाडीकडचे. त्यांची जन्मतारीख एक जून, काकांची एक जून, शेजारच्या तिघांची एक जून. हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना अख्ख्या आळीला एकच तारीख वाटून टाकलेली. हे मी मोडकंतोडकं समजावून सांगितलं तेव्हा वर्गात सगळ्यात मोठ्याने हसली ती एड्डो.

एड्डो म्हणजे सोमालीत आत्या. सगळे तिला तसंच म्हणत, मीही म्हणायला लागले. गंमत म्हणजे तीही मला उलट एड्डोच म्हणायची. त्यांच्यात मोठी माणसं लहानांना आपल्याच नात्याने हाक मारतात. आई लेकराला 'होयो' म्हणते, आणि होयो म्हणजे आई.

पहिल्या गॅदरिंगला जरा तणातणी झाली. वाढदिवस साजरे करणं आपल्यात नाही, असं दोघा-तिघा बुजुर्गांचं म्हणणं. शेवटी मेणबत्त्या रद्द, गाणं रद्द, केक राहिला. मी बटाटेवडे नेले होते. टेबलावर सांबूसा होता, भात होता (भाताबरोबर अख्खं केळं, घासाघासाला तोंडी लावायला), वेलची-लवंग घातलेला दुधाचा चहा होता, आणि चवळीची भजी होती, जिला ते 'बजिये' म्हणतात. मी म्हटलं, आमचीच की! एड्डो म्हणाली, छे, आमची. हा वाद आम्ही पुढे प्रत्येक वर्षी उकरून काढला.

कुणीतरी मार्शमेलोचं पाकीट आणलं होतं. मी शाकाहारी, म्हणून सवयीने पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायला लागले. बघते तर माझ्या खांद्यावरून एड्डोही वाचतेय. तिला हलाल बघायचं होतं, मला हाडं-कातडी टाळायची होती, आणि दोघींचा शत्रू एकच. तिचं बोट ओळीवरून सरकत सरकत एका शब्दावर थांबलं. "जि-ले-टिन," ती म्हणाली. कुणी न सांगता तिने वाचलेला तो पहिला लांबलचक इंग्रजी शब्द. पाकीट आम्ही दोघींनी मिळून टेबलाच्या टोकाला सरकवलं.

ती विमानतळावर रात्रपाळीला सफाई करायची. २००४ साली सुरू झालेली रेल्वे तिच्या इमारतीजवळून थेट तिथे जायची, तेवढं एक सोयीचं. पहिल्या हिवाळ्यात मोज्यांवर चपला घालून आली होती. पण थंडीपेक्षा तिला नवल गाडीतल्या माणसांचं. "इतके जवळ बसतात आणि कुणी कुणाला विचारत नाही, कुठली तू?"

नावाचाही घोळ. सोमाली नाव म्हणजे स्वतःचं, वडलांचं आणि आजोबांचं. आडनाव नसतंच, आणि लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. त्यामुळे मुलांचं 'आडनाव' एक, आईचं दुसरं. मुलांच्या शाळेच्या ऑफिसात तिला दरवर्षी नव्याने सिद्ध करावं लागे की ही मुलं माझीच.

पुढच्या वर्षी बायकांनी वेगळी खोली मागितली आणि दार लावून बुरांबूर झालं. बुरांबूर म्हणजे बायकांचं काव्य, टाळ्या आणि ढोलावर. एक पुढे येऊन म्हणते, बाकीच्या तिच्याभोवती नाचतात. शब्द कळत नव्हते, पण एकच अक्षर ओळीओळीतून पुन्हा पुन्हा आपटत येत होतं ते ऐकू येत होतं. मंगळागौरीची आठवण होऊन मी फुगडीला हात पुढे केले. एड्डोने धरले आणि असं गरगरवलं की माझा चष्मा कपाटाखाली गेला.

नंतर गॅदरिंगमध्ये नागरिकत्वाच्या परीक्षेची रंगीत तालीमही शिरली. तेव्हा शंभर प्रश्नांतले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास. देशातल्या दोन सर्वांत लांब नद्यांपैकी एक सांगा, असं विचारल्यावर एड्डोने नुसतं खिडकीकडे बोट केलं. मिसिसिपी तिथून चार पावलांवर वाहते. मार्क द्यायचे की नाही यावर बरीच हुज्जत झाली. मी दिले.

२०१४ च्या जानेवारीत थंडी इतकी पडली की गव्हर्नरांनी सहा तारखेला राज्यभरातल्या शाळा बंद ठेवल्या. आमचंही गॅदरिंग बारगळलं, ते थेट मे महिन्यात झालं. त्या दिवशी सकाळपासून पाऊस. एड्डो खिडकीशी उभी होती. सोमालीत वय पावसाळ्यांवर मोजतात, ती सांगत होती. (त्या ऋतूचं सोमाली नाव मराठीत लिहिण्यासारखं नाही.) मी म्हटलं, आमच्याकडेही म्हातारी माणसं म्हणतात, तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत. तिची आई सांगायची, 'लांब शेपटीचा' दुष्काळ आला तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. तो १९७४ चा. म्हणजे ती बहात्तरची; आमच्या दुष्काळातली, माझ्या थोरल्या भावाच्या वयाची. कागदावर मात्र १९६८.

"आणि पहिल्या पावसात झालीस, असंही सांगायची," ती म्हणाली. "म्हणजे असाच महिना."

तिने तळहात खिडकीबाहेर धरून भिजवला, ओढणीला पुसला आणि केकचा खोका उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली.