आमची वाटचाल: पायऱ्या किती आणि कठडा कुठल्या बाजूला

आमची फर्म म्हणजे आम्ही चार जण. मी, बायको, हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या एक सिस्टर आणि एक पोरगा, जो रिपोर्ट, सीडी, व्हिसाची पत्रं, तिकिटं असलं सगळं बघतो. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतून ऑपरेशनसाठी येणाऱ्या वयस्कर लोकांची इथली सगळी सोय बघायची हे काम. पासष्टच्या खालचा पेशंट आमच्याकडे क्वचितच येतो, आणि आला तर सिस्टर त्याला बाळ म्हणतात.

सुरुवात २०१३ ला झाली ती मात्र भाषांतरापासून. डिस्चार्ज समरी, पॅथॉलॉजीचे रिपोर्ट, इन्शुरन्सचे फॉर्म असले कागद इकडून तिकडे करून द्यायचो. मग कागद पाठवणारेच लोक विचारायला लागले की आईचा गुडघा तुमच्याकडे करता येईल का, डॉक्टर कोण चांगला, राहायचं कुठं. चार-पाच जणांना ओळखीवर मदत केली आणि वाटलं, अरे धंदा तर हाच आहे. लगेच वेबसाइट काढली आणि तिच्यावर हार्टपासून केसांपर्यंत चाळीस ट्रीटमेंट टाकल्या. त्यातल्या तीसेक गोष्टींतलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं.

पहिली मोठी चूक म्हणजे जपान. कुठंही वाचा, जगातला सगळ्यात म्हातारा देश जपान, दर १० माणसांत जवळपास ३ जण पासष्टच्या वरचे. आम्ही म्हटलं, हेच आपलं मार्केट. जपानी भाषेत माहितीपत्रक करून घेतलं, जपानी नमुन्याची व्हिजिटिंग कार्डं छापली, सहा महिने घातले. उत्तरं आली दोन, एक छपाईवाल्याची जाहिरात आणि एक कॉलेजच्या पोराची, त्याला प्रोजेक्टला माहिती हवी होती. नंतर डोकं ठिकाणावर आल्यावर नीट वाचलं तर कळलं की तिथं सगळ्यांना सरकारी विमा आहे, पंच्याहत्तरच्या पुढच्या बहुतेकांना बिलाचा १० टक्केच भाग भरावा लागतो, लोकसंख्येच्या मानाने हॉस्पिटलच्या खाटा श्रीमंत देशांत जवळपास सगळ्यात जास्त, आणि २००० पासून म्हाताऱ्यांच्या देखभालीचा वेगळा विमासुद्धा आहे. तो माणूस भाषा न समजणाऱ्या ठिकाणी विमानात बसून गुडघा बदलायला कशाला येईल? देश म्हातारा आहे एवढ्यावर पेशंट येत नाही. तो येतो रांग लांबली म्हणून, नाहीतर विम्यात भोक आहे म्हणून, नाहीतर घरी बघायला माणूस नाही म्हणून. हे कळायला आम्हाला सहा महिने आणि बराच पैसा लागला.

रांग बघायची तर ब्रिटन बघा. तिथं १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचा नियम आहे, पण २०२३ मध्ये इंग्लंडमधली वेटिंग लिस्ट ७० लाखांच्या वर गेली होती. कॅनडात गुडघा आणि खुब्यासाठी २६ आठवड्यांचं माप ठरवलेलं आहे आणि कितीतरी लोकांना त्यातही नंबर लागत नाही. अमेरिकेत रांगेपेक्षा विम्याचा प्रश्न मोठा. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, १९६५ च्या कायद्याने आला, पण नेहमीचं दातांचं काम आणि कानाचं मशीन मूळच्या मेडिकेअरमध्ये बसत नाही, म्हणून कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या सीमेला लागून मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेस नावाचं एक छोटं गाव अक्षरशः दातांच्या डॉक्टरांवर जगतं, तिकडं त्याला दाढांचं शहरच म्हणतात. ऑस्ट्रियाचे लोक असेच दातांसाठी सीमा ओलांडून हंगेरीत शोप्रोनला जातात. म्हणजे आम्ही काही नवीन शोध लावलेला नाही.

एक जुनी केस मी प्रत्येक चौकशी करणाऱ्याला सांगतो. ब्रिटनमधल्या एका आजीबाईंना खुब्याच्या ऑपरेशनसाठी थांबायला सांगितलं, परदेशात करायची परवानगी मागितली तर ती नाकारली, बाई २००३ मध्ये फ्रान्सला जाऊन स्वतःच्या पैशाने ऑपरेशन करून आल्या आणि खर्च मागायला कोर्टात गेल्या. २००६ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की या माणसाच्या तब्येतीला किती थांबणं झेपेल ते बघा, नुसती यादी दाखवून नाही म्हणता येणार नाही. आता ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये नाही आणि आमच्याकडे येणाऱ्याला तो निकाल लागूही होत नाही, पण मुद्दा तोच आहे. पंचेचाळीशीतला माणूस गुडघ्यासाठी वर्षभर थांबतो तेव्हा कुरकुर करतो. शहात्तरचा थांबतो तेव्हा चालणं बंद, मांडी बारीक, मग तोल जातो, बाथरूममध्ये पडतो, आणि वर्षाने नंबर लागतो तेव्हा भूल द्यायची की नाही इथूनच चर्चा सुरू होते.

आता आमची दुसरी चूक, जिने फर्म बदलली. २०१६ ला एक आजोबा मोतीबिंदूसाठी आले. मोतीबिंदूचं सोपं असतं, ऑपरेशननंतर साधारण एका दिवसाने विमान चालतं, म्हणून आम्ही हुशारी करून पाचव्या दिवसाचं, रिफंड नसलेलं परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं. डॉक्टरांनी तपासलं तर दुसऱ्या डोळ्याचा पडदा सुटलेला. आजोबा म्हणाले, हो, महिनाभर कोपऱ्यात काळं दिसतंय खरं, पण मला वाटलं तोही मोतीबिंदूच. तातडीने ऑपरेशन झालं आणि पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. आता हा गॅस डोळ्यात असताना विमानात बसता येत नाही, वर केबिनमधला दाब कमी होतो, गॅस फुगतो, डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि दृष्टी जाऊ शकते. मनगटावर हिरवा पट्टा बांधला, गॅस आहे, विमान नको, भूल द्यायची वेळ आली तर अमुक वायू नको असं लिहिलेला. पाच दिवसांचे पाच आठवडे झाले. डोकं खाली करून बसायचे दिवस वेगळेच, उशी कशी लावायची ते सिस्टरनी दाखवलं (त्या तेव्हा शेजारी म्हणून नुसत्या बघायला आल्या होत्या, त्या आठवड्यात आमच्याकडे कामाला लागल्या). आजोबांची मुलगी रोज रात्री फोनवर, आधी चिडून, मग रडून, मग शेवटच्या आठवड्यात सिस्टरशी विणकामाच्या गप्पा मारायला.

त्या पाच आठवड्यांत आम्हाला कळलं की ऑपरेशन करणारे उत्तम लोक भरपूर आहेत, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एकेक महिना सांभाळणारं कोणी नाही. म्हणून चाळीस ट्रीटमेंट काढून टाकल्या आणि तीनच ठेवल्या, डोळे, गुडघा-खुबा आणि दात. आणि पैसे हॉस्पिटलकडून घ्यायचे बंद केले. त्याचंही एक कारण घडलं. एका हॉस्पिटलने, नाव नको, आमचं कमिशन आठ महिने लटकवलं आणि वर सांगितलं की पेशंटला मोठं पॅकेज घ्यायला लावा, मग बघू. ऐंशीच्या बाईला नको त्या तपासण्या विकायच्या? तेव्हापासून फी थेट पेशंटच्या घरच्यांकडून, आधी ठरलेली, आणि हॉस्पिटलकडून काहीही नाही. पहिलं वर्ष कडकीत गेलं, बायकोने जुनं भाषांतराचं काम परत चालू केलं म्हणून ऑफिसचं भाडं निघालं.

दातांनी तर वेगळंच शिकवलं. एक बाई चार इम्प्लांटसाठी आल्या. इम्प्लांट एका फेरीत होत नाही हे आधीच सांगितलं होतं, टायटॅनियमचा स्क्रू हाडात रुजायला तीन ते सहा महिने जातात, नंतर वरचा दात, म्हणजे दोन फेऱ्या. फॉर्ममध्ये औषधं, तर ब्लड प्रेशरची गोळी एवढंच. खुर्चीत बसल्यावर डेंटिस्टने विचारलं, हाडांसाठी काही? हो, आठवड्याला एक घेते की, पण ती हाडांची आहे, दातांची नाही! त्या जातीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर दात काढल्यावर किंवा जबड्यात ड्रिल केल्यावर तिथलं हाड न भरता कुजण्याचा धोका असतो, कमी असतो, पण असतो. त्यांच्या तिकडच्या डॉक्टरांशी बोलून शेवटी इम्प्लांट रद्द, काढता-घालता येणारी कवळी करून बाई परत गेल्या, आणि आम्ही फी परत केली कारण प्रश्न नीट विचारला नाही ही चूक आमची.

आता फॉर्ममध्ये औषधं लिहायला आम्ही सांगतच नाही. घरातली सगळी खोकी टेबलावर मांडा आणि फोटो पाठवा, आठवड्याला घ्यायची, महिन्याला घ्यायची, मुलीने आणून दिलेली, सगळी. मग पोरगा ब्रँडची नावं काढून मूळ औषधाचं नाव लिहितो, कारण अमेरिकन माणूस ॲसिटामिनोफेन म्हणतो ते बाकीच्यांचं पॅरासिटामॉल, दम्याचा त्यांचा अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, आणि रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या नर्सने दोन वेगळी औषधं समजून दोन्ही दिली तर? घरच्या डॉक्टरांचं पत्रही आधीच मागतो की परत आल्यावर टाके, ड्रेसिंग, फॉलोअप आम्ही बघू. ते मिळत नसेल तर आम्ही केस घेत नाही. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये ठरवून केलेलं ऑपरेशन धरत नाहीत, हे दहातल्या आठ घरांना माहीतच नसतं, तेही तेव्हाच सांगून टाकतो, मग निम्मे लोक गळतात. गळू देत.

२०२० ला सगळंच बंद पडलं. विमानं नाहीत, पेशंट नाहीत. त्या काळात सिस्टरनी व्हिडिओवर जुन्या पेशंटचे व्यायाम घ्यायला सुरुवात केली, फुकट, त्यांना घरी बसवत नव्हतं म्हणून. विमानं सुरू झाल्यावर तिकडच्या रांगा दुप्पट वाटाव्यात इतक्या वाढलेल्या, आणि आमच्याकडे व्हिडिओवरचा रिहॅब आयता तयार. आजही गुडघ्याचा पेशंट यायच्या आधी सहा आठवडे सिस्टर त्याच्या मांडीचे व्यायाम घेतात, आणि परत गेल्यावर तीन महिने.

सगळ्यात आधी विचारतो ते घराबद्दल. पायऱ्या किती, कठडा चढताना उजवीकडे की डावीकडे, कमोड किती उंच, पलंग जमिनीपासून किती. फोटो मागवतो. एका आजोबांच्या घरी तेरा पायऱ्या आणि कठडा फक्त डावीकडे, नवा गुडघाही डावा. इथल्या जिन्याला कठडा उजवीकडे, त्यामुळे ते झक्क चढायचे आणि आम्ही खूश. सिस्टरनी फोटो बघून डोक्याला हात लावला, दुसऱ्या बिल्डिंगचा जिना शोधला, काठी उजव्या हातात दिली आणि तेरा पायऱ्या मोजून दहा दिवस घोटवून घेतलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. चौदावी पायरी चढू द्यायच्या नाहीत.

त्यांचा अजून एक नियम आहे, कानाचं मशीन आणि चष्मा नावाची चिठ्ठी लावलेल्या डबीत, आणि शुद्धीवर आल्या आल्या आधी ते दोन. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, कुठं आहे कळत नाही, त्यात ऐकू येत नाही, दिसत नाही आणि समोर अनोळखी चेहरे, मग तो सलाइन उपटणारच ना.

पुढची मागणी कुठली आहे तर जास्त मुक्कामाची. जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये सांभाळायला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर परवडत नाहीत, थायलंडमध्ये चियांग माईजवळ स्मृतिभ्रंश झालेल्या जर्मन बोलणाऱ्या पेशंटसाठी केंद्र बरीच वर्षं चालू आहे. आम्हालाही दोन-तीन घरांनी विचारलं, पैसे चांगले होते. बायको तयार होती, मी थोडा, सिस्टर अजिबात नाही. त्यांचं म्हणणं, गुडघ्याचा माणूस स्वतः ठरवून येतो आणि चालत परत जातो, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मात्र आणून ठेवलेलं असतं, त्याची भाषा येणारी माणसं चोवीस तास असल्याशिवाय मी हात लावणार नाही. त्यावरून आमच्यात भांडण झालं, अजून अधूनमधून होतं. सध्या तरी सिस्टरचं चालतंय.

बाकी सध्या एका माणसाची जागा रिकामी आहे. इंग्रजी फोनवर नीट बोलता यायला हवं, हळू, मोठ्याने आणि न ओरडता. कॅनडातली मुलं ऑफिसातून सुटली की फोन करतात, तेव्हा आपल्याकडे पहाट असते. सिस्टर स्वतः मुलाखत घेतात, पहिला प्रश्न असतो, तुमच्या घराला पायऱ्या किती? मागच्या आठवड्यात सहा जण आले, एकालाही सांगता आलं नाही.